मित्र येणार असेल तर पऱ्हाट्या जमवून ठेवा

बऱ्याच वर्षांनी मित्र येतोय असा फोन आला की आपल्या खान्देशात घरोघरी यादी सुरू होते. अजिंठा दाखवू, मनुदेवीला नेऊ, पद्मालयाचे दोन गणपती करू, गांधीतीर्थ करू, जमलंच तर उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन येऊ. यादी मायेपोटीच होते, तिच्यात खोट नाही. पण अशा दिवसाचा हिशेब संध्याकाळी मांडून बघा: सात-आठ तास गाडीत, पुढच्या सीटवरच्याने मागे मान वळवून बोललेली चार वाक्यं, रांगा, पार्किंग, हॉटेलातली शेवभाजी. मित्र सगळं बघून जातो आणि भेट व्हायची राहून जाते.

मित्र एकच दिवस येणार असेल, आणि तो हिवाळ्यात येणार असेल, तर त्या दिवसाला एकच काम ठेवावं. शेतात जाऊन भरीत करावं. सगळ्यांनी मिळून, सावकाश, सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत.

याचं कारण जेवणाच्या चवीपलीकडचं आहे. पंधरा-वीस वर्षांनी भेटलेली माणसं समोरासमोर खुर्च्या टाकून बसली की पहिला तास बरा जातो. नोकरी, मुलं कुठे शिकतात, कुणाला शुगर निघाली, गावात घर ठेवलं की विकलं. ही माहिती संपली की खोली शांत होते आणि दोघंही मोबाइल हातात घेतात. तीच दोन माणसं एका परातीसमोर बसून गरम वांगी सोलायला लागली की नजर वांग्याकडे असते, हात गुंतलेले असतात, मध्ये गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही. समोर बघून न बोलता येणाऱ्या गोष्टी तिथे आपसूक निघतात. आपल्यातला कोण गेला, कोणाचं कोणाशी का फाटलं, कोणाला मनात असूनही फोन केला गेला नाही. भरताला जो वेळ लागतो, तोच या बोलण्यालाही लागतो.

हंगामाचं आधी बघा. भरताचं वांगं बाजारात दसरा-दिवाळीपासून दिसायला लागतं, पण खरी चव थंडी पडल्यावर येते. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच वांग्याला सुरुवात होते. तिथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. ऊन चढायला लागलं की वांग्यात बी धरतं आणि कडवटपणा येतो. मित्र एप्रिल-मे महिन्यात येणार असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तेव्हा खापरावरचे मांडे आणि आमरस हा बेत आहे, आणि त्याची तयारी सगळी वेगळी.

वांगं कोणतं? जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरव्या सालीचं, त्यावर पांढरट झाक असलेलं, मोठं, कमी बियांचं वांगं. आसोदा, भादली, बामणोद ही गावं त्याच्यासाठी नावाजलेली. पुण्या-मुंबईत जांभळं मोठं वांगं भाजून भरीत करतात, ते वाईट नसतं, पण त्याचा गर काळसर आणि बियाळ निघतो. आपल्या वांग्याचा गर हिरवट पांढरा आणि लोण्यासारखा मऊ असतो. निवडताना आकारावर जाऊ नका, वजन बघा. सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत धरा आणि हलकं लागेल ते घ्या. जड वांग्यात बी भरलेलं असतं. साल चकचकीत हवी, देठ हिरवा हवा, अंगठ्याने हलकं दाबलं तर साल दबून परत वर यायला हवी. बारीक छिद्र दिसलं तर ते वांगं टाळा, कारण फळ पोखरणारी अळी तिथून आत गेलेली असते आणि आतली घाण भाजल्यावरच कळते.

प्रमाण माणशी अर्धा किलो कच्चं वांगं धरा. ऐकायला जास्त वाटेल. पण भाजून, सोलून, पाणी निथळल्यावर किलोचा पाऊण किलोही गर उरत नाही, आणि शेतात भूक दीडपट लागते. आठ माणसांना चार किलो वांगी, अर्ध्या किलोच्या आसपासची एकेक. फार मोठी, किलोभराची वांगी दिसायला छान असतात, पण ती बाहेरून जळतात आणि देठाजवळ कच्ची राहतात.

आता सरपण. भरीत गॅसवरही होतं आणि रोजच्या जेवणाला ते पुरतं. पण मित्रासाठी करायचं तर पऱ्हाट्यांवरच करावं. कपाशीच्या वाळलेल्या काड्या भडकन पेटतात, उंच जाळ देतात आणि लवकर बसतात. निखारा फार राहत नाही. नेमकं हेच वांग्याला हवं असतं. जोरदार जाळाने साल पटकन करपते, आतलं पाणी आतच उकळतं आणि गर वाफेवर शिजतो. बाभळीच्या लाकडांवर याच्या उलट होतं. निखारा दाट आणि संथ असतो, वांगं सावकाश सुकत जातं, साल गराला चिकटते आणि सोलताना अर्धा गर सालीबरोबर निघून येतो. पऱ्हाट्या नसतील तर तुरीच्या काड्या चालतात, त्यांचा जाळही असाच असतो. चार किलोंना दोन मोठ्या मोळ्या लागतात. तिसरी बाजूला असू द्या, वारा असेल तर लागेल.

काड्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओलसर काडी धूर करते आणि भरताला कडू, डोळ्यांत पाणी आणणारा वास चिकटतो. मेमध्ये लावलेली बागायती कपाशी डिसेंबरात उपटली जाते, तिच्या काड्या दोन-तीन आठवडे उन्हात पडल्या की कामाला येतात. आणखी एक सांगतो, भरताशी त्याचा थेट संबंध नसला तरी. किडक्या बोंडांसकट पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर वर्षभर रचून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर येते. मोळीपुरत्या काड्या बोंडं झटकून ठेवा, बाकीच्यांची वेळेवर विल्हेवाट लावा.

सकाळ घाईची नसावी. मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या गाड्यांपैकी कितीतरी जळगाव-भुसावळला पहाटे किंवा त्याआधीच पोचतात. मित्र थंडीत कुडकुडत उतरतो. त्याला घरी आणून चहा द्या आणि दोन तास झोपू द्या. स्टेशनवरूनच कार्यक्रम सुरू केला तर दुपारी जेवणाआधीच तो पेंगायला लागतो. आठला उठवा. न्याहारीला वाटीभर पोहे पुरे, त्याहून जास्त आग्रह नको. आजचा आग्रह दुपारसाठी राखून ठेवायचा आहे. जुने कपडे घालायला सांगा. धुराचा वास धुतला की जातो, पण वाटेत केळीच्या बागेत शिरलात आणि पानाचा किंवा खांबाचा चीक शर्टावर पडला तर तो काळपट डाग कायमचा राहतो. रावेर-यावलकडचा माणूस हे सांगायला विसरत नाही. बाहेरच्याला मात्र डाग पडल्यावरच कळतं.

शेतात पोचल्यावर ओळखीच्या दादा-आबांना पाच मिनिटं द्या. ‘कव्हय उना भो?’ (कधी आलास भाऊ?) असं कुणी विचारलं आणि मित्राने अडखळत का होईना अहिराणीत उत्तर दिलं की समजा त्याचा दिवस सुरू झाला. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला आपली बोली पुन्हा जिभेवर यायला थोडा वेळ लागतो. त्याला सुधारू नका, हसूही नका.

मग कामं वाटा. हा भाग कुणी गांभीर्याने घेत नाही आणि तिथेच बिघडतं. पुरुष बाजेवर गप्पा मारत बसतात आणि वहिनी चुलीपाशी राबतात, असं झालं तर तो दिवस निम्म्या माणसांचाच झाला. मित्र बायकोला घेऊन आला असेल तर तीही अनोळखी घरात पाहुणी म्हणून अवघडून बसते. तिच्या हातात कांद्याच्या पातीची जुडी द्या. एकाने आगटीकडे, म्हणजे वांगी भाजायच्या जाळाकडे बघावं, दोघांनी पात निवडावी, एकाने मिरच्या-लसूण. मित्राला सोलायला बसवा, ते काम सगळ्यांत लांब चालतं.

आगटी अशी लावायची. मोकळी, गवत काढलेली जागा घ्या. वरून विजेची तार जात नसावी, जवळ वाळली केळीची पानं किंवा गव्हाची पेर नसावी, आणि पाण्याची बादली हाताशी हवी. दुपारी वारा सुटतो, म्हणून भाजण्याचं काम अकराच्या आत उरका. वांग्यांना देठासकट ठेवा, तो पुढे धरायला लागतो. प्रत्येकाला सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर राखेत जातो. तेलाचा हात फिरवा. जमिनीवर काड्यांचा वीतभर थर, त्यावर वांगी एकेरी ओळीत, एकमेकांना न चिकटता, वर पुन्हा काड्या. वारा ज्या बाजूने येतो तिकडून पेटवा. पहिला जाळ बसला की लांब काठीने वांगी उलटवा आणि राहिलेल्या काड्या टाका. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात.

झालं की नाही हे सालीवरून ठरवू नका. साल तर पहिल्या पाच मिनिटांतच काळी होते. वांगं खाली बसायला हवं, देठापाशी रसाचे बुडबुडे यायला हवेत, आणि देठालगत सुरी खुपसली तर ती अडखळता कामा नये. पोट शिजलेलं आणि देठाजवळ कडक, ही नेहमीची चूक आहे. ते कडक तुकडे ठेचताना गुठळ्या होऊन राहतात आणि भरताला कचकचीत, तुरट चव येते. शंका असेल तर तेवढी दोन-तीन वांगी देठाच्या बाजूने पुन्हा आगीत सरकवा.

काढल्यावर लगेच सोलायचं नाही. मोठ्या पातेल्यात टाकून दहा मिनिटं झाका. स्वतःच्या वाफेने साल सुटते. शेजारी वाटीत पाणी ठेवा, ते बोटं बुडवायला. वांगी पाण्याखाली धुऊ नका. दोन-चार काळे कण राहिले तर राहू देत, पण नळाखाली धरलं की एवढ्या खटपटीने आलेला धुराचा वास पाण्याबरोबर जातो. सोललेला गर चाळणीत ठेवून पाच-सात मिनिटं निथळू द्या. तो पाणीदार राहिला तर भरीत कढईत शिजत राहतं आणि फोडणी धरत नाही.

आता बडगी. लाकडाचं खोलगट, लांबट भांडं आणि लाकडाचंच मुसळ. लेवा पाटलांच्या घरांत ती अजून माळ्यावर सापडते. आधी बडगीत तेलावर परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचायचं, त्यावर वांगी घालायची. किलोभर वांग्यांना आठ-दहा मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या. मिरची तिखट असेल तर कमी. ठेचताना मुसळ उभं मारायचं, घोटायचं नाही. गराच्या रेषा दिसल्या पाहिजेत. मिक्सरमध्ये फिरवलं की बिया फुटतात, चिकट लगदा होतो आणि तो भाकरीवर घेता येत नाही, वाटीतून प्यावा लागतो. बडगी नसेल तर परातीत लाकडी रवीच्या किंवा लाटण्याच्या टोकाने ठेचा, मिक्सरपेक्षा ते कितीतरी बरं. हे काम मित्रालाही करायला द्या. लाकडावर लाकडाचा ठेका सुरू झाला की लहान मुलं आपोआप जवळ येतात.

फोडणीत काय नाही ते आधी सांगतो. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. किलोभर वांग्यांना अर्धी वाटी शेंगदाणा तेल घ्या. तेल कमी केलं तर भरीत कोरडं पडतं, आणि इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या मित्रासाठी ही काटकसर करू नये. तेल तापलं की अर्धी वाटी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळून बाजूला काढा. त्याच तेलात जिरं, मग कांद्याच्या पातीचा पांढरा भाग. तो मऊ झाला की भरीत घाला आणि पाच-सात मिनिटं परता. कडेने तेल सुटायला लागलं की पातीचा हिरवा भाग, शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर. पात आधीच सगळी घातली तर ती काळवंडते आणि तिचा करकरीतपणा जातो. मीठ आता चाखून बघा, ठेचताना घातलेलं पुष्कळदा पुरतं.

भरताबरोबर कळण्याची भाकरी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद, आणि दळतानाच चमचा-दोन चमचे मीठ. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून ज्वारीच्या भाकरीचा सराव नसलेल्यालाही ही थापता येते. पीठ ताजं हवं. महिनाभर पडलेल्या पिठाची भाकरी कडेने चिरते आणि उडदाला जुनाट वास लागतो. मित्र येण्याच्या दोन दिवस आधी गिरणीत जा. भाकरी थोडी जाडच थापा, गरम पाण्यात मळा, आणि चुलीच्या निखाऱ्याला टेकवून फुगवा. गर्दी जास्त असेल तर पुऱ्या सोयीच्या, पण चार-सहा माणसांत भाकरीच बरी. बाजूला काकडी, मुळा, कच्चा कांदा, पिकलं केळं. तिखटावर केळं खायची आपली रीत बाहेरच्यांना नवलाची वाटते, मित्राला ती आठवत असेल.

पंगत मांडा आणि वाढणारा कुणी वेगळा ठेवू नका. पातेलं मध्ये, ज्याला हवं त्याने घ्यावं. फोटो जेवणाआधी काढून घ्या, नंतर फोन पिशवीत. न आलेल्या एखाद्या मित्राला व्हिडिओ कॉल करायचा असेल तर तो जेवण झाल्यावर करा, नाहीतर भाकरी थंड होते आणि त्या बिचाऱ्यालाही नुसतं बघत बसावं लागतं.

जेवणानंतर काहीही ठरवू नका. लिंबाखाली बाज टाका, सतरंजी टाका, आणि ज्याला झोप येईल त्याला झोपू द्या. पाहुण्यासमोर झोपणं वाईट दिसतं, असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ज्याच्यासमोर निर्धास्त झोपता येतं तोच जुना मित्र. जानेवारीत हरभरा घाट्यांवर आला असेल तर उठल्यावर डहाळे उपटून आणा आणि उरलेल्या काड्यांवर हुळा भाजा. घाटे फुटायला लागले की लगेच राखेतून बाहेर काढा, दोन मिनिटं जास्त झाली तर दाणा कोळसा होतो.

कुठे जायचंच असेल तर संध्याकाळी एकच जागा. मुक्ताईनगर-भुसावळच्या बाजूला असाल तर चांगदेव. तिथे तापी आणि पूर्णा मिळतात, देऊळ जुनं आहे, आणि हतनूर धरणाचा फुगवटा पसरलेला असल्याने हिवाळ्यात पाहुणे पक्षी दिसतात. चाळीसगावकडचे असाल तर पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद असलेला 1207 सालचा शिलालेख याच पाटणच्या देवळात आहे. त्या नातवाचं नावही चांगदेवच, पण तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे. एरंडोल जवळ असेल तर पद्मालय, कमळांचं तळं आणि शांत आवार. अजिंठा मात्र त्या दिवशी नको. जळगावपासून साठेक किलोमीटर, फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढे बस, मग पायऱ्या आणि लेणी नीट बघायला किमान चार तास. सोमवारी बंद. त्याला स्वतंत्र दिवस द्या. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि शेतावर गारठा झपाट्याने उतरतो, म्हणून मफलर-स्वेटर सकाळीच पिशवीत टाका.

रात्री पुन्हा मेजवानी करू नका. तूरडाळीची फोडणीची खिचडी, कढी, भाजलेला बिबडा म्हणजे आपला ज्वारीचा पापड. दोन वाट्या तांदळाला वाटीभर डाळ, फोडणीत भरपूर लसूण आणि शेंगदाणे, वाढताना वरून कच्चं शेंगदाणा तेल. बाहेर राहणाऱ्या खान्देशी माणसाला हे तेल तिकडे ओशाळत घ्यावं लागतं. इथे त्याच्या ताटात न विचारता घाला.

निघताना बरोबर काय द्यायचं? तयार भरीत प्रवासात टिकत नाही. कांद्याची पात घातलेलं भरीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आंबूस होतं. द्यायचंच असेल तर पात घालण्याआधी थोडं बाजूला काढा, पूर्ण गार करा, मग स्टीलच्या डब्यात भरा. गरम भरून झाकण लावलं तर झाकणाची वाफ आत ठिबकते आणि ते लवकर खराब होतं. थंडीत रात्रभराचा प्रवास ते सोसतं, घरी पोचल्यावर ताजी पात परतून त्यात मिसळायची. कच्ची वांगी देणार असाल तर देठासकट, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून ती दोन दिवसांत डागाळतात, कागदात तीन-चार दिवस राहतात. कळण्याचं पीठ किलोभर पुरे, जास्त दिलं तर पडून राहील. बिबडे मात्र हवे तितके द्या, फक्त ते बॅगेत सगळ्यांत वर ठेवायला सांगा.